हाताळणीचे साडेबारा हजार

शोरूमच्या काचेच्या दारावर सोनेरी अक्षरांत ‘आपले हार्दीक स्वागत’ असं लिहिलं होतं. ‘हार्दिक’मधली ‘दि’ दीर्घ. मी दारातच थबकलो.

"आत चला," बायको म्हणाली. "आपण गाडी घ्यायला आलोय, दार तपासायला नाही."

मी एका छापखान्यात गेली सव्वीस वर्षं मुद्रितशोधक आहे. लोकांनी लिहिलेलं छापायला जाण्याआधी वाचायचं आणि त्यातल्या चुका काढायच्या, हे माझं काम. औषधांच्या खोक्यातली घडीची पत्रकं, विम्याच्या अटी, निविदा, हमीपत्रं. थोडक्यात, जगात जे कुणीही वाचत नाही ते मी पगार घेऊन वाचतो. मुंगीच्या पायाएवढ्या टाइपातली चूकही माझ्या नजरेतून सुटत नाही असा आमच्या छापखान्यात माझा लौकिक आहे. त्या लौकिकाचं काय झालं ते आता सांगतोच.

गाडी माझ्यासाठी नव्हती. मला छापखान्यात जायला बस पुरते आणि बसमध्ये वाचायला जाहिराती पुरतात. गाडी बाबांसाठी होती. बाबांनी चौतीस वर्षं शहराची बस चालवली. रोज चाळीस-पन्नास माणसं पाठीशी घेऊन ते गावभर फिरले, पण त्यांची स्वतःची मालकी सायकलच्या दोन चाकांपुढे कधी गेली नाही. निवृत्तीनंतर त्यांनी गाडीचा विषय काढला नाही, म्हणून आम्हीही काढला नाही. मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, समोरचं उत्तम दिसतंय, कडेचं हळूहळू जातंय. सध्या दिवसा, मोकळ्या रस्त्यावर हरकत नाही. पण परवान्याच्या नूतनीकरणाला मी सही देणार नाही. दुसऱ्या कुणी देऊही नये."

परवाना त्याच महिन्याच्या तीस तारखेला संपत होता. बाबांनी घरी आल्यावर तो खिशातून काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे तीस तारखेपर्यंत मी ड्रायव्हर."

त्या वाक्यावर माझ्या तोंडाने नेहमीप्रमाणे घाई केली. "पंधरा तारखेला गाडी दारात उभी असेल बाबा. तुमच्या नावाची. तुम्हीच चालवायची." त्या दिवशी दोन तारीख होती. घरात टाळ्या पडल्या नाहीत, पण बाबा त्या रात्री एक पोळी जास्त जेवले.

तर शोरूम. आत पाऊल टाकताच एक टाय लावलेला तरुण हात जोडून धावत आला. "सर, या सर. बसा सर. पाणी घेणार, सर?" त्याच्या बहुतेक वाक्यांना कंसासारखे दोन ‘सर’ असायचे, एक उघडणारा आणि एक मिटणारा. मी मनातल्या मनात त्याचं नाव दोन-सर ठेवलं. छापखान्यात मला सगळे ‘ओ प्रूफवाले’ म्हणतात. पाऊण तासात एकशेदहा वेळा ‘सर’ ऐकल्यावर माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही, हे मी माझ्या बचावासाठी नोंदवून ठेवतो.

आम्ही सगळ्यांत लहान गाडी निवडली. किंमत फलकावर लिहिलेली होती. ती बाबांनी वाचली, बायकोने मनात बेरीज-वजाबाकी केली, मी मान डोलावली. दोन-सरने बुकिंगचा फॉर्म पुढे केला. दोन्ही बाजूंनी छापलेला, मागची बाजू करड्या शाईत, सहा पॉइंटांच्या बारीक टाइपात. अशा कागदांवर तर मी सव्वीस वर्षं जगलो आहे! मी चष्मा काढला, पुसला, लावला, आणि वाचायला सुरुवात करणार तेवढ्यात समोर बघितलं.

बाबा शोरूममध्ये मांडून ठेवलेल्या गाडीत जाऊन बसले होते. दोन्ही हात स्टीअरिंगवर, पाठ ताठ. गाडी जागची हलत नव्हती तरी ते आरशात बघत होते. आधी उजवीकडच्या, मग डावीकडच्या, मग वरच्या. चेहऱ्यावर हसू वगैरे काही नव्हतं. कामावर हजर झालेल्या माणसाचा चेहरा होता तो.

मी त्यांच्याकडे बघत बघत सही केली. एक पुढे, एक मागे, आणि जिथे दोन-सरने फुली केली होती तिथे एक.

एवढंच. दरोडा पडायला यापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

नऊ तारखेला फोन आला. "सर, गाडी आली सर. उरलेलं पेमेंट करून टाका, म्हणजे नोंदणीला पाठवतो, सर." मी छापखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि एकटाच गेलो. गाडी मागच्या आवारात उभी होती. पुढच्या काचेवर बाबांच्या नावाचा कागद चिकटवलेला होता, आणि त्यात एक मात्रा राहिली होती. मी पेनने ती दिली. मग आत गेलो तर दोन-सरने माझ्यापुढे दुसरा कागद ठेवला. फलकावरची किंमत त्यात होती, पण सगळ्यांत वर, नवी नवरी लाजून उभी राहावी तशी एकटी. तिच्या खाली तिचं सगळं सासर होतं. अत्यावश्यक किट. रंगसंरक्षक लेप. वाढीव हमी. विमा. नोंदणी साहाय्य. आणि तळाला, ‘हँडलिंग चार्जेस: १२,५००’.

"अत्यावश्यक किट म्हणजे काय?"

"सर, पायपुसण्या, चिखलरोधक, सीटकव्हर आणि सुगंधी बाटली, सर."

"सुगंधी बाटली अत्यावश्यक?"

"किटमध्ये येते ना, सर."

"आणि हा लेप? आम्हाला नको."

"लावून झाला, सर."

"कुणी सांगितलं होतं?"

"तुमच्यासाठीच लावला, सर." त्याच्या डोळ्यांत इतकं दुखावलेपण होतं की क्षणभर मलाच ओशाळल्यासारखं झालं. मग मी सावरलो. "आणि हे हँडलिंग? हे कशाचं?"

"सर, गाडी कारखान्यातून येते, सर. ती उतरवायची, धुवायची, आवारात लावायची. तिला हाताळावं लागतं, सर."

"मग मला न हाताळलेली द्या."

"न हाताळलेली गाडी कारखान्यातच राहते, सर."

हे उत्तर त्याने गंभीरपणे दिलं. मी म्हणालो, "अहो, विकणाऱ्याने माल दुकानात आणायचा खर्च किमतीतच असतो. उद्या भाजीवाला म्हणेल, कोबीचे वीस आणि कोबी उचलून तुमच्या पिशवीत टाकल्याचे सात!" शेजारच्या टेबलावरचं जोडपं माझ्याकडे वळून बघायला लागलं, तशी मला जरा स्फूर्ती चढली. पण दोन-सरने शांतपणे माझाच फॉर्म उलटा केला आणि करड्या शाईतल्या सतराव्या कलमावर नख ठेवलं. ‘हँडलिंग व तत्सम शुल्क ग्राहकास मान्य आहे.’ खाली ग्राहकाची सही. वळणदार, सुवाच्य, माझी.

घरी आलो तेव्हा जिन्यात तळमजल्याचे माहितीखाते भेटले. हे गृहस्थ निवृत्त आहेत, कुठून ते कुणालाच नीट माहीत नाही, पण प्रत्येक खात्यात त्यांचा एक माणूस असतो आणि प्रत्येक विषयावर त्यांचं एक मत असतं. त्यांनी माझ्या हातातला कागद न मागता घेतला.

"हँडलिंग? बेकायदा!" ते एवढ्या जोरात म्हणाले की दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं. "एक पैसा देऊ नका. माझ्या मेव्हण्याने दिला नाही."

"मग मेव्हण्यांना गाडी मिळाली?"

"तो वेगळा विषय आहे."

दार उघडलेल्या वहिनींनी वरूनच सांगितलं की त्यांच्या भाच्याला किट फुकट, विमा फुकट, वर एक छत्री मिळाली. "तुम्ही बोलण्यात कमी पडलात, भाऊजी." हे त्या अत्यंत मायेने म्हणाल्या. कमी पडलो! ज्याने उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या काना-मात्रेत चूक सोडली नाही, त्याला जिन्यात उभं करून, कमी पडलात! मी त्याच पायरीवर ठरवलं की आता गाडी येईल ती हँडलिंगशिवाय येईल.

बायको ताटं घेत होती. तिला मी माझा निश्चय सांगितला. तिने विचारलं, "आज किती तारीख?"

"नऊ."

"मग वादाला किती दिवस धरलेत?"

"हा दिवसांचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे."

"तत्त्वाला परवाना लागत नाही," ती म्हणाली. "बाबांना लागतो."

बाबा जेवत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी लढायला लागलो, आणि हे सांगितलं पाहिजे की सुरुवातीला मी जिंकत गेलो. विमा बाहेरून घेतला. त्यासाठी दोन-सरने आधी ‘सर, चालत नाही सर’, मग ‘सर, चालतं पण त्रास होतो सर’ आणि शेवटी ‘सर, जशी तुमची इच्छा सर’ असा तीन दिवसांचा प्रवास केला. वाढीव हमी काढली. किटमधून सीटकव्हर आणि पायपुसण्या वगळल्या. सुगंधी बाटली मात्र संगणकाच्या प्रणालीतून निघेना, ती राहिली. लेप लावून झालेला होता, तो खरवडून दाखवा असं म्हणण्याइतका मी निर्दयी नव्हतो. पण हँडलिंगचे साडेबारा हजार जागचे हलेनात. पंधरा तारीख आली आणि गेली. दारात गाडी नव्हती. बाबांनी त्या दिवशी सकाळी दाढी करून इस्त्रीचा सदरा घातला होता. दुपारी त्यांनी तो काढून परत खुंटीला लावला आणि मला म्हणाले, "होतं असं. आमच्याकडेही बस डेपोतून वेळेवर कधी सुटली?"

सोळा तारखेला मी ग्राहक तक्रार कार्यालयात गेलो. तिसरा मजला, लिफ्ट बंद, लाकडी बाकावर माझ्या आधी सात माणसं. प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद, आणि चेहऱ्यावर आपलाच अन्याय सगळ्यांत मोठा असल्याचा भाव. माझी पाळी दीड वाजता आली. खिडकीतल्या लिपिकाने कागद उलटसुलट केले.

"शुल्क भरल्याची पावती?"

"भरलेलं नाही. न भरण्यासाठीच आलोय."

"मग तक्रार कशाची? तुमचं नुकसान झालंच नाही."

"झालं नाही, पण होणार आहे."

"झालं की या."

"म्हणजे मी आधी पैसे भरायचे, आणि मग ते का घेतले म्हणून तक्रार करायची?"

"हो. पण एक आहे," त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्याला माझी खरोखरच कीव आली असावी. "तुम्ही भरलेत, तर ते म्हणणार स्वखुशीने भरले. फॉर्मवर सही आहे तुमची."

"मग मी काय करावं?"

"अर्ज तीन प्रतींत करा," तो म्हणाला, आणि खिडकी जेवणासाठी बंद झाली.

मी तीन प्रतींत अर्ज केला. शिवाय मॅनेजरला एक पत्र लिहिलं. चार पानी. आयुष्यभर दुसऱ्यांचं लिखाण दुरुस्त केल्याची सगळी भडास मी त्या पत्रात काढली. एकही ओळ सैल नाही, एकही स्वल्पविराम वायफळ नाही. ते घेऊन मी एकोणीस तारखेला मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. मॅनेजर गुळगुळीत, अबोल माणूस होता. त्याने माझ्यासमोर चारही पानं वाचली, अगदी शेवटपर्यंत. मला वाटलं, आता याला घाम फुटणार.

"अक्षर सुंदर आहे तुमचं," तो म्हणाला. "असं हल्ली बघायला मिळत नाही."

"माझ्या मुद्द्यांचं काय?"

"मुद्देही छान आहेत. वरती पाठवतो."

‘वरती’ म्हणजे कुठे ते कळलं नाही. इमारत एकमजली होती.

त्यानंतर सात दिवस गाडी आवारात आणि आम्ही घरात. मी रोज फोन करत होतो. रोज दोन-सर सांगत होता, "सर, वरून उत्तर यायचंय, सर." माहितीखाते रोज जिन्यात मला थांबवून "अजिबात नमू नका" असा धीर देत होते, त्यांचं काही जात नव्हतं. छापखान्यात माझ्या हातून आयुष्यात प्रथमच चूक सुटली. खोकल्याच्या औषधाच्या पत्रकावर ‘जेवणानंतर’च्या जागी ‘जीवनानंतर’ छापलं गेलं, आणि चार हजार पत्रकं रद्दीत गेली. मालकांनी मला बोलावलं, पत्रक पुढे केलं आणि ते मोठ्याने वाचायला लावलं.

चोवीस तारखेला बायकोने शेवटचं सांगितलं. "भरून टाका. मी देते माझ्यातले."

"प्रश्न पैशाचा नाही!"

"मग कशाचा आहे? जिन्यातल्या लोकांचा?"

मला राग आला. हे खरं होतं म्हणून जास्त आला. मी तावातावाने म्हणालो, "आज मी भरले तर उद्या प्रत्येकाला भरावे लागतील. कुणीतरी उभं राहिलं पाहिजे." बाबा पलीकडच्या खोलीत होते. मधलं दार उघडं होतं. ते खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते आणि त्यांचा उजवा पाय जमिनीवर हलकेच दाबला जात होता, सुटत होता. मी ते बघितलं आणि तरीही भरतो म्हणालो नाही. एवढा मी माझ्या बाजूने बरोबर होतो.

आणि सत्तावीस तारखेला सकाळी फोन आला.

"सर, अभिनंदन सर! मॅनेजरसाहेबांनी तुमची केस विशेष बाब म्हणून मंजूर केली, सर. हँडलिंग माफ, सर. नोंदणीचं आम्ही आजच पळापळ करून घेतो, सर. संध्याकाळी चारला या, सर."

मी फोन ठेवला. बायकोला सांगितलं. बाबांना सांगितलं. बाबा खुर्चीतून उठले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "शाबास. चिकाटी पाहिजे." बाबांनी मला यापूर्वी शाबास म्हटलं होतं ते मी चौथीत असताना. मी त्या दिवशी जिना उतरलो तो सिंहासारखा. माहितीखात्यांच्या दारावर टकटक करून सांगितलं, वरच्या वहिनींना ऐकू जाईल असं सांगितलं. शोरूममध्ये मला माफीचं पत्र मिळालं. त्यात ‘विशेष’मधला ‘ष’ चुकलेला होता आणि मी उदार मनाने तो तसाच सोडला. मॅनेजरला म्हणालो, "बघा, ग्राहक ठाम राहिला की न्याय मिळतो." तो बसल्या जागेवरून म्हणाला, "अगदी खरं आहे."

अठ्ठावीस तारखेला रविवार होता. सकाळी आम्ही तिघं गावाबाहेरच्या गोदामांच्या रस्त्यावर गेलो. सुट्टीच्या दिवशी तिथे चिटपाखरू नसतं. तिथपर्यंत मी गाडी नेली आणि मग जागा बदलल्या. बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसले, सीट मागे घेतली, तिन्ही आरसे नीट केले. मग हात स्टीअरिंगवर ठेवून थांबून राहिले.

"काय झालं बाबा?"

"बेल," ते म्हणाले.

मागे बसलेल्या बायकोने काचेवर बोटाने दोनदा टकटक केली. गाडी निघाली.

ते सरळ, एका लयीत चालवत होते. रिकाम्या रस्त्यावर प्रत्येक वळणाला सिग्नल देत होते. कुणी नसलेल्या चौकात थांबून आधी एकीकडे, मग दुसरीकडे अख्खी मान वळवून बघत होते, कारण कडेचं दिसत नव्हतं. गोदामांच्या शेवटी ते गाडी वळवायचे आणि पुन्हा त्याच रस्त्याने यायचे. अशा सात फेऱ्या झाल्या. एकोणतीसला पाच, तीसला नऊ. दोन्ही दिवस मी रजा टाकली. तीस तारखेच्या संध्याकाळी घराशी आल्यावर बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली, परवाना कपाटाच्या खणात ठेवला आणि नंतर गाडीत बसले ते कायम माझ्या शेजारी.

पुढचे तीन महिने माझे सोन्याचे गेले. मी जिन्यात आता सल्ला घेणारा नव्हतो, देणारा होतो. इमारतीच्या सूचनाफलकावर मी ‘वाहनखरेदी: ग्राहकांनी घ्यावयाची दक्षता’ असं अकरा कलमी पत्रक लावलं. सातवं कलम असं होतं: ‘विक्रेता शेवटी नमतोच.’ छापखान्यातही लोक मला विचारायला यायला लागले. घरी कुणी आलं की बाबा स्वतःच विषय काढायचे. "याला विचारा, याने साडेबारा हजार माफ करून घेतले." मग मी सांगायचो.

तीन महिन्यांनी गाडी पहिल्या सर्व्हिसिंगला नेली. सर्व्हिसिंग मोफत होतं. बिल बाराशेचं झालं. त्यात ‘कन्झ्युमेबल्स’ नावाची एक ओळ होती, तीनशे चाळीसची. मला आतून आनंदच झाला. मी बाह्या सरसावल्या आणि रोखपाल बाईंच्या खिडकीशी गेलो.

"हे काय आहे? माझी फाइल काढा. मी कोण आहे ते कळेल. तुमच्या मॅनेजरांनी माझं हँडलिंग माफ केलं होतं."

बाई बिचाऱ्या भल्या होत्या. त्यांनी गाडीचा क्रमांक टाकला, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माफ नाही काका, भरलेलं आहे."

"चूक असेल तुमची."

"नाही. सव्वीस तारीख, रोख, साडेबारा हजार. पावतीची प्रत देऊ का?" प्रिंटर घरघरला. त्यांनी कागद खिडकीतून सरकवला. खाली सही होती. मोठी, थरथरती, एका बाजूला कागदाच्या कडेबाहेर गेलेली. कडेचं दिसत नाही ना.

"आठवलं मला," बाई म्हणाल्या. "आजोबा आले होते, एका मॅडमबरोबर स्कूटरवरून. दुपारची वेळ होती. मॅनेजरसाहेबांना म्हणाले, पैसे हे घ्या आणि मुलाला सांगा की माफ केले. साहेब म्हणाले, आजोबा, एवढं कशाला, त्यालाच सांगा ना भरायला. तर म्हणाले, तो भरणार नाही. माझ्याकडे चार दिवस आहेत, आणि त्याला हरवून मला गाडी नको." बाईंनी मान हलवली. "आम्हा सगळ्यांना इतकं वाईट वाटलं त्या दिवशी!"

"मग सूट दिलीत?"

"नाही," बाई खाली बघत म्हणाल्या. "तो अधिकार वरती असतो."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. दोन-सरला, मॅनेजरला, रोखपाल बाईंना, आणि माझ्या बायकोला, जिने मला जिन्यातून सिंहासारखं उतरताना बघितलं आणि दार लावून घेतलं. मी मॅनेजरपुढे उभा राहून न्यायावर बोललो तेव्हा त्या केबिनच्या काचेबाहेर किती जण हसू दाबत असतील याचा मी हिशेब करायला लागलो आणि सोडून दिला. केबिनकडे मान वळवली. मॅनेजर आतून कुणाचं तरी पत्र वाचत होता. आत जाऊन त्याची गचांडी धरावी असं वाटलं. पण धरून म्हणणार काय? पैसे ज्याने भरले त्याने स्वखुशीने भरले होते. मी तीनशे चाळीससकट बाराशे मोजले आणि बाहेर पडलो.

गाडी चालवताना मला राग कुणाचा येत होता तेच कळेना. शोरूमचा येत होता, तो सोपा होता. बायकोचा येत होता. बाबांचा येत होता, मला पन्नाशीत चौथीतल्या पोरासारखं जिंकवलं म्हणून. आणि त्या सगळ्यांच्या खाली, सगळ्यांत बारीक टाइपात, त्या चोवीस तारखेचा येत होता, त्या उघड्या दाराचा, त्या जमिनीवर दाबल्या जाणाऱ्या पायाचा. ते मी वाचलं होतं. वाचून पुढे गेलो होतो.

घरी जाऊन सगळं तोंडावर फेकायचं असं ठरवूनच जिना चढलो. पावती हातातच होती.

दार उघडंच होतं. आत माहितीखाते बसले होते, शेजारी त्यांचा जावई, जावयाच्या हातात एका शोरूमचा कागद. त्यालाही हँडलिंग लावलं होतं, सोळा हजार. बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले होते. माझी पावलं ऐकून त्यांनी मान वळवली, पूर्ण वळवली, मला शोधलं.

"आला!" ते म्हणाले. "आता ऐका याच्याकडून. सांग रे यांना, तू कसं केलंस ते."

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली. तिने आधी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग हातातल्या कागदाकडे, आणि ती जागची हलली नाही. मी कागदाची घडी केली. एक, दोन, तीन घड्या. खिशात ठेवला.

"पहिल्यांदा," मी खुर्ची ओढत जावयाला म्हणालो, "सही करण्याआधी मागची बाजू वाचायची."

"केली सही," जावई म्हणाला.

"हरकत नाही. मीही केली होती." मी सांगायला लागलो. किट सांगितलं, लेप सांगितला, कोबीचं बोललो ते सांगितलं; खिडकीतला लिपिक, तीन प्रती, चार पानी पत्र. बाबांनी हे सगळं वीसदा ऐकलं होतं. ते डोळे मिटून, हनुवटी काठीवर टेकून ऐकत होते आणि मी श्वास घ्यायला थांबलो की म्हणत होते, "मग?"

"मग सत्तावीस तारखेला मी गेलो त्याच्या केबिनमध्ये."

"मॅनेजर काय म्हणाला?" बाबांनी विचारलं.

मी बायकोकडे बघितलं नाही.

"म्हणाला काही नाही बाबा," मी म्हणालो. "आधी उठून उभा राहिला."

हे नवीन होतं. बाबांनी डोळे उघडले.

"उभा राहिला?"

"उभा राहिला," मी म्हणालो. "आणि त्याच्याबरोबर बाहेरचे सगळे."